सिस्टर ऑडिलियांच्या पुस्तकाची खरी नक्कल

नाव सावळाराम रावजी होले. राहणार इंदापूर, मूळ गाव अंथुर्णे. धंदा नोकरी, हल्ली सेवानिवृत्त. उंची पाच फूट तीन इंच, बांधा सडपातळ, ओळखण्याची खूण उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकाचा घट्टा. सदर इसमाने इंदापूरच्या कचेरीत एकतीस वर्षे नक्कलनविशी केली. त्याच्या हातून निघालेल्या नकलेत मुळापेक्षा एक अक्षर कमी वा जास्त आढळल्याची नोंद नाही. वर्तणूक चांगली. मतांविषयी माहिती उपलब्ध नाही.

मतांविषयी माहिती नसण्याचं कारण असं की, नक्कल करणाऱ्याला मत असलं की अक्षर बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

तात्यांचं, म्हणजे या होल्यांचं, काम साधं होतं. कुणी जुन्या निकालाची, वाटणीपत्राची नक्कल मागितली की मूळ कागद समोर ठेवायचा आणि जसा आहे तसा उतरवायचा. मुळात शब्द खोडलेला असला तर नकलेतही तो आधी लिहायचा, मग खोडायचा. समासातली नोंद समासातच. कागद फाटला असेल तर ‘येथे कागद फाटला आहे’, शाई सांडली असेल तर ‘येथे डाग आहे’. शेवटी ‘खरी नक्कल’ आणि सही. मजकूर खरा की खोटा, हा नक्कलनविसाचा प्रश्न नव्हे. एकाच वावराबद्दल दोन भावांनी केलेले दोन खोटे दावे त्यांनी एकाच दिवशी, सारख्याच वळणदार अक्षरात उतरवले होते.

पुढं कचेरीत टाइपरायटर आला आणि तात्या घरी आले. दुपारी ओट्यावर बसून ते मांडीवर बोटानं काहीतरी गिरवत. काय लिवताय म्हणून प्रयागबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एकदा विचारलं. तात्या म्हणाले, कायबी न्हाय, हात चालू ठिवतोय.

सत्तावन्न सालच्या थंडीत बारामतीहून मोहनराव आले. हे मूळचे इंदापूरचेच. बारामतीत कालव्यापलीकडं ख्रिस्ती सिस्टरांचा लहानसा मठ होता, त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मठाची एक रीत होती. नव्या बाया जन्मभराचं व्रत घेत, त्या दिवशी प्रत्येकीला हातानं लिहिलेलं, हातानं शिवलेलं प्रार्थनेचं पुस्तक मिळे. छापील चालत नसे. ते पुस्तक तिनं मरेपर्यंत वापरायचं. इतकी वर्षं ही पुस्तकं सिस्टर ऑडिलिया लिहीत. त्या वसईकडच्या, साठीच्या, मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या. आता संधिवातानं त्यांची बोटं वळली होती, आणि फेब्रुवारीत सातजणी व्रत घेणार होत्या. मोहनरावांनी फडक्यात बांधलेलं सिस्टरांचं स्वतःचं पुस्तक पुढं ठेवलं आणि म्हणाले, “तात्या, जशीच्या तशी पायजेत. कानामात्रा हिकडं तिकडं न्हाय.”

हे त्यांनी सांगायला नको होतं.

दोन महिने तात्या सकाळी उजाडल्यापासून लिहीत. मजकूर त्यांना नीट कळत नव्हता, पण तसा तो कचेरीतही कळत नसे. एका ठिकाणी एकामागून एक साधूसंतांची नावं होती आणि प्रत्येकापुढं ‘आमच्यासाठी विनंती कर’. असं अठ्ठेचाळीस वेळा. ‘सदर’ लिहून भागलं असतं, पण तात्यांनी अठ्ठेचाळीस गुणिले सात वेळा पूर्ण लिहिलं. लिहिताना ते पुटपुटत, ते प्रयागबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “एवढ्यांदा विनंती करूनबी काम हुईना व्हय? मग आपल्या कचेरीपरास काय न्यारं हाय?”

मुळात पानोपानी समासात बारीक पेन्सिलीच्या नोंदी होत्या. त्या तात्यांनी पेन्सिलीनंच उतरवल्या. मेण सांडलं होतं तिथं ‘येथे मेणाचा डाग आहे’ असं लिहिलं. बांधणीला काळं कापड हवं म्हणून छत्रीचं घेतलं. सातवं पुस्तक शिवून झालं तेव्हा ते प्रयागबाईंना म्हणाले, सही करावी असं हे आता शेवटचंच काम. हे त्यांनी पसंत केलं म्हंजे झालं.

व्रताच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते बारामतीला पोचले. मठाच्या मुख्य मदर वॉलबुर्गा मूळच्या परदेशातल्या. त्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळं बारामतीत त्यांच्याइतकं शुद्ध कुणी बोलत नसे. अक्षर पाहून त्या खूश झाल्या. आठदहा पानं उलटली, मग थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं, “‘मदरांचे मराठी ऐकून प्रार्थनेत हसू आले.’ हे काय आहे?”

“समासातली नोंद,” तात्या म्हणाले.

“ही प्रार्थना नाही.”

“न्हाय?”

सिस्टर ऑडिलिया दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन पान उलटलं आणि पुढची नोंद पाहून खुर्चीवर बसल्या. ‘भात करपला. बानूबाईचे नाव सांगितले. ती गेली.’ अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बिशप जेवायला यायचे होते. घंटा झाली म्हणून सिस्टर भात चुलीवर तसाच ठेवून प्रार्थनेला गेल्या, आणि चौकशी झाली तेव्हा म्हणाल्या, चुलीपाशी बानूबाई होती. बानूबाई अंथुर्ण्याहून स्वयंपाकाच्या मदतीला येई. बोलणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. असल्या आपल्या चुका सिस्टर समासात लिहून ठेवत, म्हणजे पाद्रीबुवांपुढं कबुली देताना आठवाव्यात. पुस्तक देताना त्या विसरल्या होत्या. किंवा कुणी ते उतरवील, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

तात्या गोंधळले. त्यांनी शाईनं लिहिलेली प्रार्थना दाखवली. “हितं लिवलंय, मी लई मोठी अपराधी हाय. म्होरं समासात लिवलंय, अपराध काय त्यो. मला वाटलं, खुलासा हाय.”

मदरांनी ती ओळ पुन्हा वाचली. व्याकरणात यावर काही नसावं.

पुस्तकं पुन्हा लिहायला वेळ नव्हता. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होता. मदर म्हणाल्या, पेन्सिल आहे, खोडून टाकू. खोडरबर आलं. सिस्टर ऑडिलियांनी वाकड्या बोटांनी पहिल्या पुस्तकातली बानूबाईची ओळ खोडली. तात्यांनी अदबीनं पुस्तक जवळ ओढलं आणि त्या जागी शाईनं लिहिलं, ‘येथे मूळ मजकूर खोडला आहे. सा. रा. होले.’

“हे कशाला?” मदर म्हणाल्या.

तात्यांनी समजावलं. खोडलं आणि तसं लिहिलं नाही, तर ती नक्कल खरी राहत नाही आणि त्यांना सही करता येत नाही. मदर म्हणाल्या, सहीची आम्हांला आवश्यकताच नाही.

तात्यांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, “मंग मी दोन म्हैनं केलं काय?”

उरलेली सहा पुस्तकं टेबलावर होती. सिस्टर ऑडिलियांनी दुसरं उचललं, रबर टेकवलं आणि काढून घेतलं. त्या म्हणाल्या, “राहू द्या, मदर. सात ठिकाणी खोडून सात सह्या झाल्या तर पोरी नेमकं तिथंच बोट ठेवतील. त्यापेक्षा आहे ते वाचू देत. मी हसले तेही राहू दे.”

मदरांनी विचारलं, त्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं. सिस्टर म्हणाल्या, ते आता आठवत नाही. ही मात्र खरी गोष्ट नसावी.

अशा रीतीनं पहिल्या पुस्तकातला आपला शेरा रद्द करून, खोडलेली ओळ पेन्सिलीनं पुन्हा उतरवून, शेवटच्या ‘आमेन’खाली ‘खरी नक्कल’ लिहून तात्यांनी सात सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सातजणींनी गुडघे टेकून ती पुस्तकं घेतली आणि छत्रीच्या कापडाला ओठ लावले. तात्या मागं बसून होते. कचेरीत साहेबापुढं टोपी घालायची असते, इथं काढायची असते, असं मोहनराव म्हणत होते. तात्यांनी ती निम्मी वर करून हातानं धरून ठेवली.

पण काम पुरं झालं नव्हतं. कागदात ज्याचं नाव येतं त्याला उतारा मिळण्याचा हक्क असतो, आणि बानूबाईचं नाव आलं होतं. परतीच्या वाटेवर तात्या अंथुर्ण्यात उतरले. बानूबाई कालव्याच्या चारीच्या कडेच्या वावरात वांगी तोडत होती. तात्यांना ती लहानपणापासून ओळखत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बांधावर उभं राहून उतारा वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा वाचायला लावला.

“भात व्हय,” ती म्हणाली. “बाई घंटा झाली म्हनून गेल्या तवा चूल इझाया आल्ती. मी चार लाकडं सारली आन् गेले शेजारी बोलत बसाया. आले तवा ह्यो धूर. त्यांनी माझं नाव घेतलं ते बराबरच हाय की. मी त्योंड दावाया नगं म्हनून गेलेच न्हाय परत.”

तात्या इंदापूरला आले ते आणखीच गोंधळून. सातही नकला खऱ्या होत्या, त्यावर त्यांची सही होती, आणि त्यांत कबूल केलेला अपराध घडलाच नव्हता. नक्कलनविसाला मजकुराशी कर्तव्य नाही. पण सिस्टर ऑडिलिया ती ओळ रोज वाचत असणार. प्रयागबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्यावर प्रयागबाईंनी एवढंच विचारलं की, मंग त्या बाईला कळवाया कुनाची परवानगी लागती.

तात्या टाक घेऊन बसले. पहिला खर्डा ‘उपरिनिर्दिष्ट विषयास अनुसरून’ असा सुरू झाला आणि तिथंच थांबला. दुसऱ्यात ‘समासातील नोंदीबाबत चौकशीअंती असे निष्पन्न होते की’ इथपर्यंत मजल गेली. तिसऱ्यात त्यांनी सगळ्या संबंधितांची नावं, वयं आणि राहण्याची ठिकाणं लिहिली. तिन्ही फाडले. आठवड्यानं बारामतीला सिस्टर ऑडिलियांच्या नावानं एक कार्ड पोचलं. त्यावर तारीख नव्हती, विषय नव्हता, सहीही नव्हती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

भात बानूबाईनंच करपवला होता.