कापराला कुणी आग म्हटलं नाही

नरसम्माच्या पदराने पेट घेतला तेव्हा तिच्या हातात आरतीचं ताट होतं. तिने ते टाकलं नाही. देवाचं ताट कसं टाकायचं? जाळ दंडावर चढला तरी ती ताट धरून उभी. मी ते हिसकावून दाराबाहेर फेकलं. शेजारच्या टबात टॉवेल भिजत होते. हाताला लागले तेवढे ओढले, तिच्याभोवती गुंडाळले आणि तिला जमिनीवर लोळवलं. मागे टेबल पेटलेलं होतं. सुपरवायझर प्रसादने भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढून त्याच्यावर फवारला.

आमच्या कारखान्यात टॉवेल मागावरून उतरतो तेव्हा त्याच्यावर मशीनच्या तेलाचे ठिपके असतात. पॅकिंगच्या आधी ते काढावे लागतात. ते आमचं काम. त्या टेबलाला सगळे डागाचं टेबल म्हणायचे. तिथे समोरासमोर बसून मी आणि नरसम्मा म्हाताऱ्या झालो. मी वळसंगची, माझ्या बोलण्यात कानडी यायचं. तिच्या घरात तेलुगू. दोघींचं मराठी मोडकंच, पण आम्हाला एकमेकींचं पुरत होतं.

आधी साबणाने घासायचो. ऑर्डरी वाढल्या तसं डब्यातलं औषध आलं. फडक्यावर घ्यायचं, डागावर टेकवायचं, डाग गेला. एकदा दोन कंपन्यांचे डबे एकदम आले. प्रसादने नावं वाचली. एकावर फ्लेमेबल, दुसऱ्यावर इनफ्लेमेबल. तो म्हणाला, पहिलं पेटतं, दुसरं बहुतेक पेटत नाही.

नरसम्मा म्हणाली, "मग न पेटणारंच द्या की सर. उगं कशाला जीव टांगायचा?"

प्रसादला शंका आली. त्याने दुकानदाराला फोन लावला. दोन्हींचा अर्थ एकच निघाला, लगेच पेट घेणारं.

"एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला?" मी विचारलं.

"मला काय माहीत मावशी. इंग्रजांना विचारा."

मग त्याने भिंतीवर लाल रंगात लिहिलं, हे पेटतं. इस्त्रीचं टेबल दुसऱ्या खोलीत नेलं. बिडी गेटबाहेर. चहाचा स्टोव्हसुद्धा बाहेर गेला. आम्ही सगळं पाळलं.

पण दर अमावास्येला नरसम्मा कापूर लावून टेबलाला आणि मशीनला ओवाळायची. मालकाच्या वडिलांपासूनची रीत. प्रसाद टोपी काढून हात जोडायचा, मीही जोडायची. आग म्हणजे बिडी, स्टोव्ह, इस्त्री. आरतीला आग कोण म्हणतं? एरवी खिडक्या उघड्या असायच्या म्हणून इतके दिवस निभावलं. त्या सकाळी वारा लई होता. कापूर विझत होता, म्हणून तिने खिडक्या लावल्या. औषधाची भिजलेली फडकी टेबलावर तशीच होती. अमावास्या म्हणून ती सुती साडी सोडून लेकीने दिलेली नवी, चकचकीत नायलॉनची साडी नेसून आली होती. तशी साडी अंगाला चिकटून जळते.

फायर ब्रिगेडच्या साहेबांनी नंतर समजावलं. आधी औषध जळत नाही, त्याची वाफ जळते. ती दिसत नाही. खोली बंद असली की टेबलाभोवती साचून राहते. जाळ जवळ नेला की झालं.

ॲम्ब्युलन्समध्ये ती डोळे मिटायला लागली. मी म्हटलं, "नरसम्मा, झोपू नगंस. मी एकटी कुणाशी भांडू?"

ती म्हणाली, "अक्का, आरती अर्धीच राहिली."

हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. फडकं धरता येईना. लेक येऊन तिला भिवंडीला घेऊन गेली. कधीतरी फोन येतो. तिकडे मागांचा आवाज इतका की ती काय बोलते ते निम्मं कळत नाही. मी नुसती ऐकत बसते.

मी अजून वर्षभर काम केलं. तिच्या जागी आलेली मुलगी कामाला चांगली होती. कानात वायर घालून बसायची. डबा खाताना मी समोर चटणी सरकवायची आणि मग ध्यानात यायचं की ही तिखट खात नाही.

आता अमावास्येची आरती अंगणात, गेटजवळ होते. एवढंच आधी करायला हवं होतं.

त्या दिवशी कारखान्यात होत्या त्या सगळ्या बायका वाचल्या. नरसम्माही वाचली. ती भिवंडीत आहे, मी इथे.