भरतीतला डावा पाय

"ते पाऊल नाही, ते माझं दुखणं आहे," फ्राउक्ये एकदा म्हणाली होती. नेदरलँड्समध्ये, हेगमधल्या आमच्या तालमीच्या खोलीत सगळे हसले. तिची जीभ तिखट म्हणून प्रसिद्धच होती. ती मात्र हसली नाही.

फ्राउक्ये वाल्स्ट्रा उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका गवळ्याची मुलगी. उंच, हाडापेरानं थोराड. "मला उचलायला जोडीदार नको, क्रेन बोलवा," असं तीच म्हणायची. लेनर्ट ओव्हरबेकनं 'भरती' हा नाच तिच्याच अंगावर बसवला. मी तेव्हापासून तालमींना पियानो वाजवतो. एक बाई समुद्राच्या बांधावरून धावते, मागून पाणी चढत येतं. शेवटी ती झेप घेते आणि अंधारात नाहीशी होते. पाणी तिला गाठत नाही. एवढाच नाच.

चित्रीकरण एकदाच झालं. त्या दिवशी तिचा डावा घोटा सुजलेला होता आणि बदली नर्तकी नव्हती. झेप निघालीच नाही. पाय मागे फरफटला, ती तिथंच थांबली आणि दिवे गेले. त्यानंतर ती कधी नाचली नाही. शेजारच्या शेवेनिंगनच्या एका सभागृहात म्हाताऱ्यांना हातपाय ताणायला शिकवत राहिली. लेनर्ट नव्या नाचांकडे वळला. 'भरती'ची उरली फक्त ती फिल्म.

या हिवाळ्यात लेनर्ट गेला. वसंतात त्याच्या नाचांची एक संध्याकाळ ठरली. आमच्यात नाच अंगाकडून अंगाकडे जातो, म्हणून रीतीप्रमाणे फ्राउक्येला बोलावलं. पण मेरेल नावाच्या पोरीनं तोवर फिल्म पाहून सगळं उचललं होतं. फरफटणारा पायसुद्धा.

तेव्हाच फ्राउक्ये ते वाक्य बोलली. मग म्हणाली, "तिथं झेप आहे, मुली. ती बाई सुटते."

"पण फिल्ममध्ये ती हरते," मेरेल म्हणाली. "मला तर तेच आवडलं."

"फिल्ममध्ये माझा घोटा हरलाय."

तालीम घेणारा रूबेन स्टुलावरून उतरला. "फ्राउक्ये, तुमच्याबद्दल आदर आहे. पण लेनर्टनी ती फिल्म ठेवली, बदलली नाही. म्हणजे त्यांना ते पटलं होतं."

"लेनर्टला जुनं काही बघायचा कंटाळा होता, रूबेन. स्वतःच्या लग्नाचे फोटोही त्यानं पाहिले नव्हते."

"झेप होती," मी म्हणालो. "संगीतही तिथं वर चढतं."

"हेर्बर्ट, तू आयुष्यभर पट्ट्यांकडे बघत बसलास. तुला नाच कधी दिसला रे?" फ्राउक्ये म्हणाली.

तिनं कोट काढला, बूट काढले. "वाजव," ती मला म्हणाली.

मी वाजवलं. ती धावली. खांदे, मान, मागे वळून पाण्याकडे टाकलेली नजर, सगळं जागच्या जागी होतं. तालमीतली पोरं भिंतीला टेकायचं सोडून सरळ उभी राहिली. झेपेची जागा आली. तिनं श्वास घेतला, गुडघा वाकवला आणि डावा पाय मागे फरफटला. अगदी फिल्ममधल्यासारखा.

मेरेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, हेच तर!" ती म्हणाली. "अजूनही तसंच आहे तुमच्यात."

फ्राउक्येनं बूट चढवायला फार वेळ लावला. बसथांब्यापर्यंत मी सोबत गेलो. "आता मी गेले की झेपही गेली," एवढंच ती म्हणाली.

प्रयोगाच्या संध्याकाळी मेरेलनं पाय ओढला तेव्हा नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्याकडे लोक कशालाही उभे राहून टाळ्या देतात, त्याचं काही नाही. पण या वेळी उठायलाच त्यांना वेळ लागला. माझ्या पुढची बाई डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "त्या पायात सगळं आलं."

मेरेलनं फुलं उंच धरून प्रेक्षकांत बसलेल्या फ्राउक्येकडे हात केला. तिला मंचावर बोलावत होते. रांगेतल्या लोकांनी वाट देण्यासाठी गुडघे बाजूला घेतले. फ्राउक्ये उठली. मंचाकडे नाही, दाराकडे वळली. खुर्च्यांच्या पाठी धरत, डावा पाय दर वेळी नीट उचलून टाकत, ती बाहेर निघून गेली.