सवतीचा दाखला

सवतीला गळ्यात घालून मिरवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नवी पेठेमागच्या आमच्या बोळातल्या मालनमावशी. दत्तूकाकांची पहिली बायको रखमा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वारली, म्हणून रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक मावशींच्या गळ्यात आला. बाकीच्या बायका तो पदराखाली दडवतात. मावशी भर बाजारात त्याच्याशी गप्पा मारायच्या. "रखमाबाई, वांगी लई म्हाग झाल्याती गं!" आणि मी लाजून चार पावलं पुढे पळायची.

काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा भानगड उघडकीला आली. पेन्शनच्या कागदांवर बायको म्हणून अजून रखमाच! काका नोकरीला लागले तेव्हा ती होती; पुढे नाव बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता रखमाच्या मृत्यूचा दाखला हवा आणि मावशींच्या लग्नाची नोंदणी हवी. नाहीतर काकांमागे मावशींना पेन्शन नाही. मी रडकुंडीला आले. मावशी टाकाला म्हणाल्या, "ऐकलंस का? कागदावर तू जित्ती हायस आन् मी कोनच न्हाय!"

काकांचं गाव मोहोळ. तिथे अर्ज केला, हेलपाटे घातले, शेवटी उत्तर आलं: नोंद आढळत नाही. परतताना एसटीत मावशींनी एकदम कपाळावर हात मारला.

"काय येड्या गं आपुन! पयलं बाळंतपन व्हतं की तिचं. त्यातच गेली ती. पयलटकरीन ऱ्हाती कुटं? म्हायेरी! केमला चल."

अगंबाई! माणूस जिथे जातं तिथेच नोंद होते, आणि आम्ही बसलो होतो सासर धुंडाळत.

केम हे मावशींचंही माहेरच. रखमाच्या आईनं त्यांना लेक मानलेलं. रखमाचे भाऊ नामदेवदादा आमच्याबरोबर ग्रामपंचायतीत आले. बापाचं नाव आणि अंदाजे साल सांगितलं, जुनी बाडं निघाली, आणि सापडली की हो रखमा! मी आनंदानं ओरडलेच. दादा मात्र उपरण्यानं डोळे पुसत होते. मावशींनी डोक्यावर पदर घेऊन त्या पानाला हात जोडले.

मग कचेरीत लग्नाची नोंदणी. चाकाच्या खुर्चीत कडक इस्त्रीचे काका, शेजारी हिरव्या इरकलीत मावशी. साक्षीदार मी, आमचे घरमालक आणि सकाळच्या गाडीनं केमचं कुंकू घेऊन आलेले नामदेवदादा.

"तुम्ही वधूचे कोण?" साहेबांनी दादांना विचारलं.

"भाऊ."

"मग आडनाव वेगळं कसं?"

दादा गडबडले. इथवर येऊन सगळं फिसकटतंय की काय! मावशी मात्र टाक पुढे करून उभ्या राहिल्या. "ही त्यांची भन, साहेब. हिच्या जाग्याला मी आले. लगीन झाल्यापास्नं ह्येच भाऊबीज घालत्यात मला. आजून कसला भाऊ पायजे?"

साहेबांनी टाकाकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि हसून लिहिलं: मानलेला भाऊ.

"मानलेला न्हाय," दादा म्हणाले, पण सही ठोकली.

पुढे काका गेले, मावशी पुण्याला लेकीकडे गेल्या. पेन्शन मात्र एक महिनाही चुकली नाही. मला आठवतो तो नोंदणीच्या दिवशीचा कचेरीचा दरवाजा. हातात लग्नाचा दाखला घेऊन मावशी बाहेर आल्या, केमचं कुंकू त्यांनी आधी टाकाला लावलं, मग स्वतःला.

"रखमाबाई, आता खुशाल मर," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला मी हाय की. कागदावर बी!"