आज्याची शेरडं आणि मी खोडलेलं एक वाक्य

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील शिवऱ्याला हायवेकडच्या टपऱ्यांवर ती वाटायचे. उरलेली घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवायची. वडिलांचा एक नियम होता. पत्रक घेणाऱ्याच्या हातात शेवटी काहीतरी ठाम उरलं पाहिजे. शंका वाटत फिरायचं नसतं. तो नियम पाळून मी एका मुलीचं फार मोठं नुकसान केलं.

मी शिकले त्या कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय बंद होणार होता. तिसऱ्या वर्षाला आठ नावं आली नाहीत तर वर्ग नाही, असं ठरलं होतं आणि यादी जायला दीड महिना उरला होता. मला तो अन्याय वाटत होता, अजून वाटतो. डोंगरातल्या पोरांनी नर्सिंग करावं, कंपनीत लागावं, आणि विचार करायचं काम पुण्यातल्यांनी करावं, असं तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. वेळापत्रक मात्र तेच म्हणत होतं.

म्हणून मी एक उद्योग काढला. आमचे तत्त्वज्ञानाचे सर आणि मुलं यांना समोरासमोर बसवायचं, बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, आणि त्याचं चार पानी पत्रक करून गावोगाव वाटायचं. सरांचे लेख कुणी वाचत नव्हतं, पण सर बोलायला लागले की एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबायचा.

आम्ही शनिवारी दुपारी मार्गासनीच्या दूध केंद्रात बसायचो. सकाळचं दूध गेलेलं असायचं, संध्याकाळचं यायचं असायचं, आणि वेल्ह्याकडच्या मुलांना दारातूनच परतीची एसटी मिळायची. केंद्र चालवणारे काका दुधाची फॅट मोजायचं यंत्र पुसता पुसता डिवचायचे, "सर, आजच्या बोलण्याला फॅट किती लागली?"

"पाणीच जास्त आहे," सर म्हणायचे. "पण भेसळ नाही."

आठवं नाव एका धनगर मुलीचं होतं. तिची वाडी वेल्ह्याच्याही वर, एसटी सोडल्यावर दोन तासांची चढण. पहिले तीन शनिवार ती गप्प बसली. चौथ्या शनिवारी म्हणाली, "सर, माझा आज्या मरून लई वर्सं झाली. त्याच्या हातचं एकबी शेरडू आता न्हाई. तरी समदी म्हणत्यात, आज्याची शेरडं. मंग ती आज्याची कशी?"

सरांचा चेहरा उजळला. या प्रश्नावर जगभर मोठमोठ्या लोकांनी डोकं फोडलंय, असं त्यांनी तिला सांगितलं. मग म्हणाले की कळप एकदम बदलत नाही. शेळीच्या मागून करडू चालतं, वाट शिकतं, पुढे त्याच्या मागून त्याचं करडू. ते चालणं मध्ये कुठे तुटलं नाही, म्हणून कळप तोच.

मुलीने पुढे विचारलं, "आणि एकदम समदी विकली तर? आबा ह्या महिन्यात विकणार हायेत. मी कॉलेजात, राखायला कोण न्हाई. मंग आज्याचं काय ऱ्हातं?"

बाहेर एसटी येऊन थांबली.

"मला सांगता येत नाही गं," सर म्हणाले. ती हसली, पिशवी उचलली आणि पळाली.

रेकॉर्डिंग उतरवताना मी तिथेच अडले. ज्या विषयाचे सरच शेवटी हात टेकतात, त्या वर्गात कोण येणार? मी तिचा दुसरा प्रश्न खोडला, सरांचं उत्तर खोडलं आणि तिच्या तोंडी शेवट घातला: "आता कळलं, सर." सरांना दाखवलंही नाही. दोनशे प्रती काढल्या आणि वरव्यापासून वेल्ह्यापर्यंत वाटल्या. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पुढच्या शनिवारी ती आली, पण बसली नाही. यादीतून नाव काढा म्हणाली. मग उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने आबांना सांगितलं होतं की सरांनाही उत्तर आलं नाही. कॉलेजाबद्दल कधी एक शब्द न विचारणारे आबा चुलीपाशी येऊन बसले, मास्तरलाबी येत न्हाई व्हय, म्हणाले, आणि शेरडं गेल्यावर काय उरतं यावर बापलेक जेवण निवेपर्यंत बोलत राहिले. मग तिच्या भावाने बाजारातून पत्रक आणलं आणि मोठ्याने वाचलं.

"आबा म्हणले, तुला कळलंय आन् मला सांगंनास. तवापासनं बोलत न्हाईत." तिने घडी घातलेलं पत्रक माझ्या हातात दिलं. "मला काय कळलंय, ते तुमीच सांगा, ताई."

ती गेल्यावर सरांनी ते पत्रक दोनदा वाचलं.

"तू खोडलंस तेवढं एकच वाक्य माझं होतं," ते म्हणाले. "बाकीचं पुस्तकांतलं."

काका यंत्र पुसत होते. त्या दिवशी त्यांनी फॅट विचारली नाही.

पुढचे पाच दिवस मी प्रती परत मागत फिरले. काहींत भजी बांधून गेली होती, काही चुलीत. सत्तरएक सापडल्या. प्रत्येकीवर शेवटची ओळ खोडून, गाळलेलं पेनाने लिहिलं. मधल्या वेळात आठवं नाव शोधलं, ओळखीच्या घरांत हात जोडले, एका मुलीच्या सासूशी भांडले. नाव मिळालं नाही. प्राचार्यांकडे दोन दिवस मागितले, तर ते म्हणाले, "सातचे आठ होत नाहीत, यात कसलं तत्त्वज्ञान?" शुक्रवारी यादी गेली. वर्ग संपला.

शनिवारी मी वाडीवर चढले. आता मिळवायचं काही उरलं नव्हतं, तरी चढले. गोठ्यात लेंड्यांचा वास होता, शेरडं नव्हती. आबा उंबऱ्याशी बसले होते. मुलीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

मी आबांना सांगितलं की तुमची मुलगी तसं म्हणाली नव्हती, ते मी रचलं. मग पेनाने लिहिलेलं वाचून दाखवलं. "मला सांगता येत नाही" इथे त्यांनी हात वर केला. ते वाक्य परत वाचायला लावलं. लेकीकडे एकदा पाहिलं.

"मास्तरांना हितं घिऊन या," ते म्हणाले. "बसून बोलू."

महिन्यापूर्वीची मी असते तर हो म्हणाले असते. "त्यांचे गुडघे गेलेत, आबा. त्यांना चढवणार नाही. आणि वर्ग बंद झालाय."

ते रिकाम्या गोठ्याकडे पाहत राहिले.

"मंग आमीच उतरतो की शनवारी," ते म्हणाले. "आता राखायला काय हाय?"