दोघी आणि पेंटरची जीभ

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हातून ब्रश निसटू लागला. मग डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहायची, दंडाचं मांस आपोआप फडफडायचं, बोलणं जड झालं. भर दिवसा प्यायला लागला, असं लोक म्हणू लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत चालल्या होत्या. डोकं शाबूत राहील, पण आजार बरा होणार नाही. गोळीनं आजाराचा वेग थोडा मंदावेल, एवढंच.

बायको पदर खोचून उभी राहिली. पण वर्षाच्या आत नवऱ्याचं बोलणं तिला अर्धंच कळू लागलं. मदतीला नणंद आली आणि तिला मात्र सगळं कळायचं. तो घशातून काहीतरी काढायचा, की ही उठून खिडकी लावायची. वर दोघं हसायची. संसार मी केला आणि गुजगोष्टी हिच्याशी, म्हणून बायको भांडी आपटायची. पातळ पदार्थानं ठसका लागतो, तेव्हा दाट करूनच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका दुपारी नणंद त्याला भरवणार होती ते सूप बायकोनं पातळच ठेवलं. नणंदेच्या हातून त्याला ठसका लागावा, एवढंच तिच्या मनात होतं.

तो काळानिळा पडला. दवाखान्यात जीव वाचला. आता पोटात नळी घालून अन्न द्यावं, असं डॉक्टर म्हणाले. तो काहीतरी पुटपुटला.

"दादा नको म्हणतोय," नणंद म्हणाली.

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांचं ते सांगतील."

तिनं अक्षरांचा तक्ता समोर धरून एकेका अक्षरावर बोट ठेवलं. हव्या त्या अक्षराला तो डोळे मिटायचा. शब्द जुळला: हवी. नणंदेचा चेहरा उतरला. बायकोला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

नळी बसली. दुसऱ्या दिवशी नणंद घरी आंघोळीला गेली, तेव्हा बायकोनं त्याच्या कानाशी वाकून सुपाचं सांगितलं. त्यानं तक्त्याकडे पाहिलं. पहिला शब्द आला: माहितीये. मग बऱ्याच वेळानं: तिला सांगू नकोस.

ती ढसाढसा रडली. पुढे श्वासासाठी मास्क लागला, तरी तो दोन वर्षं जगला. नणंद शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती. दोघांना हसताना पाहून बायकोच्या पोटात दुखायचंच, फक्त आता ती भांडी आपटत नसे.