पाच भोकांची चकती

बाबांच्या गुडघ्यांना चालणं सोसत नाही, सायकल सोसते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. म्हणून संध्याकाळी दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतून पार्कापर्यंत ते सायकलनं जायचे आणि तिथं आणखी तिघा रिटायर्ड मराठी म्हाताऱ्यांबरोबर मेंढीकोट खेळायचे. दिवसभरात माझ्यावाचून होणारी त्यांची एवढी एकच गोष्ट.

सायकल जुनी, गिअरची. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना फॉरेन पोस्टिंगवरून परतलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेली. यंदा तिच्या पुढच्या चकतीचे दात पार झिजले, चेन सटकायला लागली.

"चकती बदलली की झालं," बाबा म्हणाले. "पेडलची क्रँक उत्तम आहे."

मी चकती खोलली. घरात दिवाळीची सफाई चालू होती, त्या झपाट्यात ती कबाडीवाल्याला देऊनही टाकली. बाबांच्या सततच्या बदल्यांच्या घरात वाढलेय मी. जुनं दिसलं की ते टाकून द्यायलाच हात जातो. दुकानात दाखवायला नमुनाच उरला नाही, हे कळेपर्यंत कबाडीवाला कुठल्या कुठे गेला होता.

"मग क्रँकवरून माप घे. पण नीट मोज गं, अशी क्रँक आता मिळत नाही."

"मोजता येतं मला, बाबा."

डोंबलाचं येतं! चकती ज्यावर बसते त्या क्रँकला पाच भुजा, प्रत्येकीला एक भोक. एका भोकापासून पलीकडच्या भोकापर्यंत पट्टी लावली आणि तोच व्यास धरून चकती ऑनलाइन मागवली. पाच भोकांत कुठलीच दोन समोरासमोर येत नाहीत, एवढंही मला सुचू नये. चकती अर्थातच लहान आली, तिची भोकं क्रँकच्या भोकांच्या आत पडत होती. परत पाठवायची तर बाबांसमोर चुकले म्हणावं लागणार. त्यापेक्षा मी कानस घेतली आणि क्रँकचीच भोकं आतल्या बाजूला वाढवायला बसले.

"क्रँकला नको हात लावूस."

"दोन मिनिटं गप्प बसाल का, प्लीज?"

भोकं लांबट झाली, बोल्ट धरेनात, जोर लावून आवळायला गेले तर एक भुजा तडकली. आता त्या क्रँकवर कुठलीच चकती बसायची नाही. नवी सायकल घेऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, "या वयात नव्या सायकलवर तोल जायची भीती वाटते गं."

काल ऑफिसमधून लवकर आले. बाबा बाल्कनीत फोनवर बोलत होते. "छे रे, सायकल मस्त आहे. लेकीनं छान दुरुस्त करून दिलीय. माझाच गुडघा धरलाय. तुम्ही चौथा कोणीतरी बघा."

मी दारातच थांबले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी फोन ठेवला, वळले, मला पाहिलं.

"आलीस? चहा टाकू?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "टाका."