मावशीला मिळू नये म्हणून

आमच्या मावशीच्या माजी नवऱ्याइतका खुनशी माणूस अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर सापडणार नाही. आणि एवढा खुनशीपणा करून पदरात इतकं शून्य पाडून घेणारा तर पृथ्वीवर नाही. मावशीनं त्यांना सोडलं त्याला जमाना झाला. पण ‘माजी काका’ असं नातं मराठीत नसल्यामुळे आमच्या गळ्यात ते काकाच राहिले. मावशी श्रूजबरी गावाला गेली, लायब्ररीत अर्धवेळ नोकरी करून सुखात राहिली. हे मात्र एडिसन गावात माझ्या घरापासून शिंक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहिले आणि दर रविवारी माझ्या सोफ्यावर, माझाच चहा पीत, माझ्याच मावशीला शिव्या घालू लागले.

घटस्फोटावर दोघांचं चटकन एकमत झालं होतं. अडलं ते पुरणयंत्रावर. पुण्याहून आणलेलं, पितळी. पुरण आणि पिठलं यांतला फरक ज्यांना चव घेऊनही कळत नाही, ते काका म्हणाले, “यंत्र माझं!” दोन गोऱ्या वकिलांना ती वस्तू समजावता समजावता ऋतू बदलले, जजला म्हणे ते शस्त्र वाटलं होतं. शेवटी काका जिंकले. आजही ते यंत्र त्यांच्या गराजचं दार उघडं धरायला उभं असतं. पण या भांडणात एक गंमत झाली. कागदोपत्री लग्न दहा वर्षांच्या पुढे गेलं.

ही गंमत काकांना कळायला त्यांचे केस पिकावे लागले. लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल आणि घटस्फोटितेनं पुन्हा लग्न केलं नसेल, तर उतारवयात तिला नवऱ्याच्या कमाईवर सरकारी पेन्शन मिळू शकतं, त्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत. हा नियम आमच्या मराठी मंडळात कुणीतरी सांगितला आणि काकांनी बटाटवड्याचं ताट बाजूला सारलं. “निम्मं? म्हणजे माझ्या पोळीतली अर्धी पोळी तिला?” एका फणसाच्या झाडासाठी चुलत्यांशी तीन पिढ्या कोर्टात भांडलेलं घराणं ते, सरकार म्हणजे त्यांना वाटणी करायला बसलेला थोरला चुलताच वाटला. मग त्यांनी भीष्मालाही लाज वाटेल अशी प्रतिज्ञा केली. रिटायरच व्हायचं नाही! “मी घेतलंच नाही, तर तिला मिळेल कुठून?”

त्यांचे गुडघे जुन्या दारासारखे करकरत होते. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेला. दूर अल्फारेटा गावी त्यांच्या लेकीनं खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली तयार ठेवलेली. नातू फोनवर विचारायचा, “आजोबा, व्हेन आर यू कमिंग?” आणि हे लंगडत ऑफिसला निघालेले.

याहून भारी म्हणजे त्यांनी मावशीसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. तिनं लग्न केलं की हक्क संपला, हा हिशेब. मंडळातल्या एकाही विधुराला त्यांनी मोकळं सोडलं नाही. कोपऱ्यात गाठून सांगायचे, “हात काय आहे हो बाईचा! आमटी अशी करते की माणूस वाटी चाटतो. आणि आजारपणात उशाशी बसेल तर तिनंच.” सांगता सांगता त्यांचा आवाज असा काही मऊ व्हायचा, की समोरच्या विधुराला संशय येऊन तो पळून जायचा. तरी एक टिकला. श्रूजबरीचाच, रिटायर्ड डेंटिस्ट.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या बारशाला दोघं एकत्र आली. काकांना लंगडताना बघून मावशी म्हणाली, “अहो, गुडघा का करून घेत नाही?” नवरा सुटला, पण तिचं ‘अहो’ सुटलं नव्हतं.

“वा! म्हणजे मी रिटायर होतो आणि तुझी चांदी होते!” काका गरजले. “अर्धं पेन्शन तुला हवंय, माहितेय मला!”

मावशी जिलबीचा तुकडा मोडत म्हणाली, “ते तर मला केव्हाच सुरू झालंय.”

“माझ्या सहीशिवाय?”

“तुमची सही कशाला लागते? घटस्फोटाला दोन वर्षं झाली की तुम्ही घ्या नाहीतर नका घेऊ, मला मिळतंच. सरकार तुम्हाला कळवतसुद्धा नाही. आणि तुमच्यातलं शीतभरही कमी होत नाही. उलट तुम्ही अजून कमावताय, म्हणून मध्यंतरी माझं थोडं वाढलं. करा हो, करा नोकरी!”

पाळण्याभोवतीच्या बायका गाणं विसरून हसायला लागल्या. काका मात्र खुर्चीत बसले ते उठेचनात. मला जवळ बोलावून म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं तिचं माझ्याच नावावर चाललंय?” वाक्य तक्रारीचं होतं, सूर तसा नव्हता.

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. गुडघा झाला, अल्फारेटाची खोली भरली. आता रविवारी माझा सोफा रिकामा असतो, आणि चहा एकट्यानं पिताना तो उगाचच पांचट लागतो.

परवा त्या डेंटिस्टचा फोन आला. “तुमचे काका म्हणजे काय प्रकार आहे हो?” तो वैतागला होता. “आधी मला पुढे ढकलत होते. आता दर दोन दिवसांनी फोन करून सांगतात, फंदात पडू नका, ती आमटीत मीठ घालायला विसरते.”